पैलवानाची खातरजमा

तात्या अंगणात बसून मक्याची कणसं सोलत होता आणि मधूनमधून सुनेच्या वाटेकडे नजर टाकत होता. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्याला एवढीच कामं उरली होती, दाणे काढायचे आणि घरातल्यांवर लक्ष ठेवायचं. सून दवाखान्यातून आली ती पाटीएवढा फोन घेऊनच. ज्या म्हाताऱ्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी नर्सबाईंनी दिलाय, म्हणाली. त्यात आकडे नाहीत, अक्षरं नाहीत, नुसते ओळखीचे चेहरे. चेहऱ्यावर बोट ठेवलं की तो माणूस समोर येणार आणि बहिऱ्यालाही ऐकू जाईल असा बोलणार.

"फुकट दिला?" तात्याने विचारलं.

"फुकट."

"मग यात काहीतरी गोम आहे."

गोम काय ते त्याला ठाऊकच होतं. पैलवानाला त्याच्या मुलाने खोकल्याच्या आजारात शहरात नेलं, त्याला दोन महिने होऊन गेले होते. पैलवान म्हणजे तात्याच्या बांधाला बांध लागलेला शेजारी. अंगावर काडीचं मांस नाही म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. दोघांकडे एकेकच बैल. तेव्हा दोघांचे मिळून जोडी करायची, आधी एकाचं रान नांगरायचं, मग दुसऱ्याचं. अर्धी हयात अशीच गेली. आता पैलवानाचं नाव काढलं की घरात सगळे एका सुरात म्हणत, "बरा आहे, बरा आहे." इतकं घाईघाईने कोणी बरं असतं का? त्यात न्हावी दाढी करता करता बोलून गेला होता की हल्ली मेलेल्या माणसालाही फोनात बोलतं करतात म्हणे. तात्या काय समजायचं ते समजला होता.

सुनेने चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि पैलवान समोर आला. दाढी गुळगुळीत, केस विंचरलेले, अंगात इस्त्रीचा सदरा. पैलवानाच्या अंगाला जन्मात इस्त्री लागली नव्हती.

"तात्या, बरा आहेस ना? वेळेवर जेवत जा रे," तो म्हणाला. "आणि खरं सांगू का, तुझ्या करड्या बैलाची सर माझ्या ढवळ्याला कधी आलीच नाही."

तात्याच्या हातातलं कणीस हातातच राहिलं. त्याने फोन पालथा घातला आणि भूक नाही असं सांगून भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. गेला पैलवान. आपल्यापासून लपवलं आणि वर हे सोंग आणून ठेवलं. त्याला आतून भडभडून येत होतं, पण रडायची सोय नव्हती, कारण रडलं की सून कारण विचारणार.

दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून फोन मागितला. सोंग उघडं पाडायचं ठरवलं होतं.

"काय रे," तो पडद्यावरच्या पैलवानाला म्हणाला, "खालच्या चिखलाच्या तुकड्यात भर दुपारी जोखडासकट बसकण मारायचा, तो बैल कोणाचा?"

याच प्रश्नावरून दोघांनी महिने महिने अबोला धरला होता. पैलवान जरा घुटमळला.

"माझाच," तो गोड आवाजात म्हणाला. "ढवळाच बसायचा."

"सापडला," तात्या सुनेला म्हणाला आणि फोनाकडे वळला. "खोटं बोलतोस. माझा करडा बसायचा. मीच ते ढवळ्यावर ढकललं. पैलवानाने मान कापली तरी ढवळ्याचं नाव घेतलं नसतं. आता बोल, कोण आहेस तू?"

फोनातून असा खोकला उठला की सून दोन पावलं मागे सरली.

"काय म्हणालास? पुन्हा म्हण. पोरांनो, इकडे या, याच्या तोंडून ऐका. अरे लबाडा, माझ्या मुक्या जनावराला जन्मभर बट्टा लावलास? त्यापायी तुझ्या मुलीच्या लग्नातून मी उपाशी परत आलो होतो."

"मग काल एवढा गोड का झालास?"

"मला सांगितलं, तात्याने अंथरूण धरलंय, त्याचं काही खरं नाही. म्हटलं, जाता जाता कानावर चार बरे शब्द पडू देत. आणि तू इथे माझी उलटतपासणी घेतोस."

तात्याने सुनेकडे पाहिलं. सून खाली मान घालून कणसं सोलायला लागली होती.

त्याने घाईघाईने फोन बंद केला. पैलवान जिवंत होता, आणि तो आनंद तात्याच्या छातीत मावत नव्हता. पण आता हा चारचौघांत काय काय सांगत सुटेल, या विचाराने त्याला घामही फुटला.

"सूनबाई, यात आपल्या गावातले किती चेहरे आहेत?"

"जवळजवळ सगळे घातलेत. का हो?"

"त्याच्या आधी मला सांगून ठेवायचंय, पैलवानाच्या डोक्यावर परिणाम झालाय, काहीही बरळतो."

दिवस मावळेपर्यंत तात्या एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत होता. धाकटी बहीण झाली, दूधवाला झाला, पलीकडच्या आळीतला कुंभार झाला. कितीकांचा आवाज त्याने पडल्यापासून ऐकला नव्हता. प्रत्येकाला पैलवानाच्या डोक्याचं सांगायचं म्हणून तो फोन लावी, पण समोर माणूस आला की तोंडून आधी तेच निघे, "अरे, पैलवान बरा आहे, आत्ताच भांडलो त्याच्याशी," आणि बाकीचं सांगायचं राहूनच जाई.