न उडणारा ड्रोन

अठराव्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीला मोठी भेग पडली होती. खाली रस्ता, रस्त्यावर माणसं. भेग किती खोल गेलीय ते आजच बघायला हवं होतं. घारीकडे ड्रोन होता, चार मिनिटांचं काम. ड्रोन चालवते म्हणून साइटवर सगळे तिला घारच म्हणायचे.

पण शेजारच्या हॉस्पिटलच्या गच्चीवर हेलिकॉप्टर उतरायची जागा होती. म्हणून परवानगीशिवाय इथे ड्रोन उडवायचा नाही, असा कायदा. हेलिकॉप्टर आजवर एकदाही आलं नव्हतं. तिथे चादरी वाळत घालायचे. घारीने अर्ज टाकून एकोणीस दिवस झाले होते.

"मग माणूसच पाठवू दोरीवरून," इंजिनिअर म्हणाला. "त्याला परवानगी लागत नाही."

माणूस म्हणजे घारीचा बाप, साइटवरचा सगळ्यात जुना गवंडी. तो कमरेला दोरी बांधायलाही लागला! गेल्या महिन्यापासून त्याला उंचावर चक्कर यायची. हे फक्त घारीला माहीत होतं, आणि 'तोंड उघडलंस तर बघ' अशी तंबीही मिळाली होती.

घारीचं डोकं सणकलं. परवानगी खात्याचा अधिकारी तपासणीला आला होता, भिंतीच्या सावलीत खुर्ची टाकून बसला होता. ती थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, दीड किलोच्या यंत्राला अकरा कागद आणि साठ किलोच्या माणसाला एकही नाही?"

"माणूस उडत नाही."

"आणि पडला तर?"

"पडणं आमच्या खात्यात येत नाही."

"मग उडणं म्हणजे काय, ते तरी लिहिलंय का कुठे?"

अधिकाऱ्याने पुस्तक काढलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली. "पंख्यांच्या जोरावर जमीन सोडणं."

"पंखेच काढले तर?"

अधिकारी पुढची पानं बघून आला, मागची बघून आला. "तर मग... लटकतं सामान."

"त्याला परवानगी?"

"सामानाला कसली परवानगी, बाई?"

घारीने तिथेच चारही पंखे खोलले. मग बापाच्या कमरेची गाठ सोडायला लागली.

"अगं, चार लोकांत काय चाललंय तुझं!"

"बाबा, दोरी द्या. तुम्ही इथेच बसा, स्क्रीन बघा. भिंतीतलं मला काय कळतंय?"

ती इमारतीच्या गच्चीवर गेली, ड्रोन दोरीला बांधून खाली सोडला. तो भिंगरीसारखा फिरायला लागला. खालून बापाचा फोन. "दोन दोऱ्या लाव गं, शहाणे! एका दोरीवर सगळंच गरगरतं."

दुसरी दोरी लागली, तसा ड्रोन शहाण्यासारखा भिंतीसमोर लटकला. बापाने स्क्रीनला नाक लावलं.

"अजून खाली. थांब. डावीकडे घे." मग त्याचा आवाज बदलला. "हे नुसतं प्लास्टर नाही. आतलं काँक्रीट सुटलंय. रस्ता बंद करा, आत्ताच्या आत्ता!"

"रस्ता बंद करायचा तर आधी अर्ज..." इंजिनिअरने तोंड उघडलं. पण अधिकारी केव्हाच उठला होता. खुर्ची डोक्यावर धरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या त्याने स्वतःच अडवल्या.

वर घार दोरी ओढायला लागली.

"सावकाश!" बाप फोनवर ओरडला. "आपटशील मला!"

मग जीभ चावली. "त्याला, त्याला."