दोन्ही लेकींसाठी प्रार्थना

बुधवारी संध्याकाळी सात वाजता श्रीरामपुरात, शेजारच्या घरी भरलेल्या प्रार्थनासभेत, सत्यशीलाबाईंनी आपल्या दोन्ही मुलींच्या कॅन्सरसाठी प्रार्थना मागितली. दोघींपैकी एकीलाही कॅन्सर नव्हता.

थोरली कृपा आईच्या मागेच बसली होती.  सगळ्यांनी डोळे मिटले. धाकट्या एंजेलाच्या होणाऱ्या नवऱ्याची, योहानची आत्या मात्र एंजेलाकडेच टक लावून पाहत राहिली.

मूळ कृपाचंच होतं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या कृपाने हौसेने थुंकीचा नमुना पाठवून आपले पूर्वज कुठले हे सांगणारी जनुकीय चाचणी करून घेतली होती. मग त्या चाचणीची कच्ची माहिती तिने दुसऱ्याच एका वेबसाइटवर टाकली. तिथे आजारांचा अंदाज फुकट मिळत होता. चहा निवायच्या आत उत्तर आलं: स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकातला दोष, त्यापुढे लाल खूण, आणि खाली एक ओळ, की सख्ख्या बहिणीतही तो असण्याची शक्यता निम्मी. मावशी त्याच दुखण्याने गेलेली. कृपाने घाबरून आईला सांगितलं. आईच्या कानात ‘निम्मी’ शिरलंच नाही, ‘कॅन्सर’ तेवढा शिरला. आणि जिवाला लागलेली गोष्ट बुधवारी सगळ्यांपुढे ठेवायची, ही तिची आयुष्यभराची रीत.

 घरी आल्यावर एंजेला बहिणीला म्हणाली, “ताई, थुंकी तुझी होती ना? मग निकालात मी कशी आले?”

 वेबसाइटने संमती फक्त कृपाची घेतली होती. एंजेलाला विचारावं हे तिलाही सुचलं नव्हतं.

कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून चर्चमध्ये लग्नाआधी त्याची सूचना तीन रविवार वाचतात. एंजेला-योहानची एक वाचून झाली होती. गुरुवारी आत्या आली. चहाला हात लावला नाही. “पोरगी गुनाची हाय, मी कुठं न्हाई म्हनते? पन रक्तातलं हाय म्हनल्यावर आधी तिची तपासनी करा. मग वाचू द्या पुढची सूचना.”

सत्यशीलाबाईंनी कप पुन्हा तिच्यापुढे सरकवला. “मी देवाला सांगत हुते, बाई. तुमाला न्हाई.”

शुक्रवारी दोघी बहिणी नगरला डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी फोनवरची लाल खूण पाहिली. अशा कच्च्या माहितीवरून निदान करायचं नसतं, नीट प्रयोगशाळेत तपासल्यावर यातल्या कितीतरी खुणा खोट्या निघतात, असं त्यांनी समजावलं आणि कृपाचं रक्त पुण्याला पाठवलं. आत्याची अट सांगून, बहिणीचंही घेता येईल का, असं कृपाने विचारलं.

“तिने मागितलं तर,” डॉक्टर म्हणाले. “आत्याबाईंनी मागितलं म्हणून नाही.”

एंजेला बाहेर बाकावर बसून होती. मला जाणून घ्यायचं नाही, असं तिने एसटीतच सांगितलं होतं.

शनिवारी कृपाच्या फोनवर वेबसाइटची मेल आली. निकाल सुधारला होता: लाल खूण जाऊन पिवळी, ‘निश्चित सांगता येत नाही’. कारण दिलं नव्हतं, विचारायला पत्ताही नव्हता. एंजेलाने ती वाचून फोन परत दिला.

संध्याकाळी योहानने चर्चच्या पाळकांना फोन करून, दुसरी सूचना वाचाच, असं सांगितलं. थोड्या वेळाने आत्या स्वतः पाळकांच्या घरी जाऊन, थांबा, असं सांगून आली. पाळकांनी दोघांचं ऐकून घेतलं, शब्द कुणालाच दिला नाही. रविवारची उपासना उद्या सकाळी नऊला आहे. पुण्याहून रिपोर्ट आलेला नाही.