झाकलेलं ताट

पबमालक ग्रॅहमने हुकावरचा धातूचा मग काढून राजारामच्या बायकोच्या, शकुवहिनींच्या हातात दिला, तेव्हा विश्वनाथला वाटलं, उठावं आणि सरळ गाडीत जाऊन बसावं. तो मग एका कडेला चेपला होता, पण तळाशी कोरलेलं राजारामचं नाव शाबूत होतं.

भूकंपात राजारामवर कोसळलेला पब ग्रॅहमने पाच वर्षांनी रिकार्टन उपनगराजवळ पुन्हा उभा केला होता. तशाच बुटक्या तुळया, भिंतीवर घोड्यांच्या साजाची पितळी चकाकी, काउंटरवर नेहमीच्या मंडळींचे मग. ढिगाऱ्यातून निघालेले मगही त्याने टांगले होते. त्यांतून आता कुणी पीत नव्हतं.

राजारामला असल्या इंग्रजी पबांचं भारी वेड. हॉस्पिटलातला फार्मसिस्ट विश्वनाथ दारूला न शिवणारा, पण दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मित्रासमोर लेमोनेड घेऊन निमूट बसायचा. राजारामची सुट्टी साडेबाराला संपे. त्या मंगळवारी भूकंप झाला बारा एक्कावन्नला. मग हे तिथे काय करत होते, हा वहिनींचा प्रश्न पाच वर्षं चालू होता, आणि विश्वनाथ पाच वर्षं नजर चुकवत होता. घास उचलला की त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येई.

आज मात्र त्याच्याच्याने राहवेना.

"वहिनी, मी फोन केला होता त्याला. म्हटलं, मी आल्याशिवाय सुरू करू नकोस."

वहिनी मगावरून बोट फिरवत राहिल्या.

"माहीत आहे मला. मघाशी ग्रॅहमने सांगितलं. हे ताटावर दुसरं ताट झाकून बसले होते म्हणे. त्याला गंमत वाटली, म्हणून लक्षात राहिलं." त्यांनी वर पाहिलं. "तुम्ही कुठे होतात, भावजी?"

हॉस्पिटलात इमर्जन्सी होती, असं म्हणता आलं असतं. पाच वर्षं त्याने ते घोकलं होतं.

"सेल लागला होता. जँडल्स बघत होतो, रबरी चपला."

विश्वनाथला वाटलं, वहिनींनी शिव्या द्याव्यात, तो मग फेकून मारावा. तेवढ्यात ग्रॅहमने त्यांचं फिश अँड चिप्स आणून ठेवलं. विश्वनाथचं यायचं होतं.

वहिनींचा हात सवयीने रिकाम्या बशीकडे गेला, त्याचं येईपर्यंत आपलं ताट झाकायला. तिथेच थांबला. त्यांनी मग टेबलाच्या मधोमध ठेवला, काटा उचलला आणि त्याच्याकडे न बघता एकट्याच जेवायला लागल्या.