वाटीवरचा अंगठा

“हे बोट उडवून टाकू,” छपाईवाल्याने फोटोच्या डाव्या कडेला पट्टी ठेवून पेन्सिलीने रेघ मारली. “मग नुसती माकडं. स्वच्छ!”

“बोट नाही ते, अंगठा आहे,” ती म्हणाली. “माझ्या बाबांचा.”

छपाईवाल्याने चष्मा कपाळावर चढवला. प्राणिसंग्रहालयाच्या नव्या दालनात हा पन्नास वर्षांपूर्वीचा फोटो भिंतभर मोठा करून लागणार होता. गजांमागे फळीवर ओळीने बसलेली सहा माकडं आणि कडेला वाटीच्या काठावर कुणाचा तरी अंगठा. बाबांनी एकतीस वर्षं तो पिंजरा सांभाळला. त्या एकतीस वर्षांतला त्यांचा दुसरा फोटो नव्हता. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते.

“त्यांचाच कशावरून? साहेबांनी बजावलंय, फोटोत फक्त प्राणी.”

तिने सोबत आणलेल्या आत्याला पुढे केलं. बाबांची ही धाकटी बहीण. आत्याने फोटो पार नाकाशी नेला.

“ही मधली मी.”

“अं?” छपाईवाला दचकला.

“मेल्यानं सगळ्यांना घरच्यांची नावं ठेवली होती! हा पोट खाजवणारा आमचा थोरला काका. ही तोंड फुगवलेली मी. कळलं तेव्हा तीन महिने बोलले नव्हते त्याच्याशी.”

“मग?”

“मग एक दिवस ही त्याला कडकडून चावली. अंगठा कायमचा वाकडा झाला. हाताला हे एवढं बांधून घरी आला आणि म्हणतो कसा, ‘तू बोलत नव्हतीस, निदान ही तरी चावली.’ आता असल्या माणसावर किती रुसायचं, सांगा?”

छपाईवाल्याने भिंग लावलं. अंगठा वरच्या पेरातून चांगलाच बाहेर वळलेला होता.

“आहे खरा. पण बाई, बघणाऱ्याची नजर तिकडेच जाणार.”

“माकडांची कुठे जातेय, बघा ना,” ती म्हणाली.

त्याने पाहिलं. सहातलं एकही माकड कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं. सगळी डावीकडे, अंगठ्याच्या रोखाने बघत होती.

“फोटोवाल्यानं बाबांना बाजूला व्हायला सांगितलं होतं. पण ते सरकले की सगळी उठायची. शेवटी ते कडेला उकिडवे बसून वाटी वाजवत राहिले, तेव्हा कुठे ही मंडळी टिकली.”

छपाईवाल्याने खोडरबर शोधून रेघ सावकाश पुसली, वर फुंकर मारली.

“साहेबांना मी सांगतो, अंगठा काढला तर माकडं कशाकडे बघतायत तेच कळणार नाही.” मग आत्याकडे वळून म्हणाला, “बाकी फोटो छान आलाय हो तुमचा.”

“चल, चावट!” आत्या म्हणाली, पण हसू काही तिला आवरेना.

दालन उघडलं त्या सकाळी फोटोसमोर ही गर्दी. लोकांना वाट द्यायला ती डावीकडे सरकली. चपलेचा पट्टा सुटला होता, म्हणून भिंतीला टेकून खाली बसली.

समोरच्या बाकावरून आत्याचा आवाज आला, “ए, हलू नकोस गं. सगळी तुझ्याकडेच बघतायत.”

पट्टा केव्हाच लागला होता. ती तशीच उकिडवी बसून राहिली.