लेथची नोंदवही

आमच्या निवासी प्रशिक्षण केंद्रात मी ग्रंथपाल. अक्षर बरं म्हणून प्राचार्यांनी लेथची नोंदवहीही माझ्याच गळ्यात मारली होती. लोखंड कातायचं ते मशीन सरकारकडून आल्यापासून प्लास्टिकच्या आवरणाखालीच होतं. बिघडलं तर वर उत्तर कोण देणार? मुलं फळ्यावरच्या आकृतीवरून शिकत आणि शनिवारी आवरण पुसत. वहीत मी रोज लिहीत असे : 'चालू, दोन तास.'

"आजोबा, तुमच्या वहीत मशीन घोड्यासारखं धावतं हो," त्या मुलांमधली ठेंगणी म्हणायची. सगळे तिला याच नावाने हाक मारत. "आमच्या हाती नुसतं फडकं."

मी हसून पुस्तकात तोंड खुपसत असे.

तिला आईवडील नव्हते. इथे सोडताना मामाने बजावलं होतं, 'प्रमाणपत्राशिवाय आलीस तर दार बंद.'

प्रशिक्षणाच्या आठव्या महिन्यात सरकारी तपासणी आली. आवरण निघालं. तपासनीस बाईंनी विचारलं, "काही तक्रार?"

सगळे प्राचार्यांकडे बघू लागले. ठेंगणी पुढे झाली. "बाई, हे मशीन आम्ही कधी चालवलंच नाही."

प्राचार्यांनी माझी वही पुढे सरकवली. बाईंनी पानं उलटली. "इथे तर रोज दोन तास आहेत. चालवून दाखव बघू."

ती मशीनभोवती फिरली. बटण कुठे आहे तेच तिला कळेना. "कसं दाखवू? तेच तर सांगतेय."

"आठ महिन्यांत बटणसुद्धा सापडलं नाही?"

ती माझ्याकडे वळली. "आजोबा, तुम्ही सांगा ना."

माझ्या नोकरीची मुदतवाढ प्राचार्यांच्या हाती होती. पण खरं सांगतो, त्या क्षणी मुदतवाढ आठवलीही नाही. घाबरायची सवयच जुनी.

"नोंदी आहेत तशा आहेत," मी म्हणालो.

बाईंनी शेरा लिहिला : 'सदर प्रशिक्षणार्थी अपात्र. जागा रिकामी करावी.' खाली आणखी एक ओळ : 'नोंदी सुवाच्य व नियमित.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ट्रंक घेऊन वाचनालयात आली. लेथवरचं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"तोंडपाठ आहे सगळं," ती म्हणाली. "मामाच्या दारात उभी राहून म्हणून दाखवते."

मी पुस्तकाची पानं मोजून पाहिली.

दुपारी शिपाई वही घेऊन आला. आवरण पुन्हा चढलं होतं. मी तारीख घातली आणि पुढे रोजचंच लिहिलं : 'चालू, दोन तास.' अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य आलं.