मी करकरले नाही

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी. जुनी म्हणते, मोडकी म्हणत नाही; फरक लक्षात ठेवा. माझ्या चारही कोपऱ्यांना पितळी पट्ट्या आहेत आणि फळ्या एकमेकींत अशा गुंतवल्या आहेत की त्यांत खिळा शोधून सापडायचा नाही. एका सुताराने मला आपल्या लेकीसाठी घडवलं. तिने माझ्यात रजया ठेवल्या, माझ्यावर बसून दोन मुलांना भरवलं, आणि मुलांनी झाकण आपटलं तर त्यांना रट्टाही दिला. असा मान होता माझा!

ती दोन मुलं म्हणजे थोरली अक्का आणि धाकटा कातारी. लेथवर लाकूड गरगर फिरवून भांडी घडवतो तो कातारी. आई गेल्यावर त्याने मला आपल्या कामाच्या खोलीत आणलं आणि माझ्या पोटात ओले वाडगे ठेवायला सुरुवात केली.

वादळात पडलेली, रस्त्यासाठी तोडलेली फळझाडं तो उचलून आणतो. ओलं लाकूड कातायला लोण्यासारखं, पण सुकताना महाखट्याळ. कडा आधी सुकून आकसते, पोट ओलंच राहतं, दोघांची ओढाताण होते आणि वाडगा तडकतो. म्हणून तो आधी अंगठ्याएवढा जाड वाडगा काढतो, बुडावर पेन्सिलीने वजन लिहितो, लाकडाच्या शिरा जिथे कापल्या गेल्या तिथे मेण फासतो आणि वाडगा त्याच्याच ओल्या किसात पुरून माझं झाकण लावतो. महिन्यातून एकदाच काढून वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड सुकलं. सुकताना ते वेडंवाकडं होतं, म्हणून तर जाड ठेवायचं. मग पुन्हा लेथवर चढवून गोल आणि पातळ करायचं. आठ-दहा महिने जातात. पण बारा वर्षांत माझ्यातून एकही तडा बाहेर आला नाही. "पेटीत टाकलं की मी सुटलो," असं कातारी आल्यागेल्याला सांगायचा. मी ऐकत असायची.

मग तो आला. फ्रिज.

कातारीच्या बायकोने तो शेजारून फुकट आणला. आतलं यंत्र मेलेलं, दार तेवढं घट्ट. तिने त्यात एक बल्ब लावला, वर-खाली चार भोकं पाडली आणि म्हणाली, "अहो, यात दीड महिन्यात सुकेल. तुमच्या पेटीला गरोदरपणाएवढा वेळ लागतो."

ऐकलंत? ज्याने उभ्या जन्मात कुणाला ऊब दिली नाही, तो लाकूड सुकवणार! आणि कौतुक तरी किती! रोज सकाळी नवरा-बायको त्याच्या दारात उभे. "चाळीस ग्रॅम उतरलं!" जसा काही पोराला पहिला दात आला. माझ्याकडे महिन्यातून एकदा फिरकायचे, तेही काम म्हणून. मी आतल्या आत जळत होते.

त्याच उन्हाळ्यात आईच्या अंगणातलं नासपतीचं झाड पडलं. कातारी पोचेपर्यंत करवतवाल्यांनी बहुतेक झाडाचा भुसा केला होता. हातापाया पडून त्याने एक ओंडका वाचवला. तो मधोमध चिरून गाभा काढून टाकला, कारण गाभा राहिला की तडा ठरलेला. दोन अर्ध्यांचे दोन वाडगे झाले, एक त्याचा, एक अक्काचा. तिसरा होण्याएवढं लाकूडच नव्हतं.

"दोन्ही फ्रिजमध्येच ठेवू," बायको म्हणाली.

"माझा आईच्या पेटीत," अक्का म्हणाली. "तुझ्या त्या भुताच्या कपाटात नको."

"बरं बाई. माझं वाईट चिंतू नका म्हणजे झालं."

"मी कशाला चिंतू?"

अक्का चिंतत नव्हती. मी चिंतत होते. फ्रिजमधला वाडगा उभा चिरला जावा, असं मी रोज म्हणत होते.

अक्का दोन गल्ल्या पलीकडे राहते. दुपारी ही दोघं घरात जेवायला बसली की ती मागच्या दाराने यायची. माझी बिजागरी करकरली की कातारी घास टाकून धावत येतो, हे मला ठाऊक होतं. पण मित्रांनो, कुणीतरी नुसतं बघायला म्हणून माझ्याकडे आलं होतं! मी अंग आखडून घेतलं. मी करकरले नाही.

अक्का वाडगा मांडीवर घ्यायची, कीस झटकायची, कडेवरून बोट फिरवायची. "सुकतोस का रे नीट? त्या दुसऱ्याच्या मागे पडू नकोस हं." फ्रिजमधला क्षणभर बाहेर येऊन परत आत जायचा; हा मात्र दारातून येणाऱ्या गरम वाऱ्यात जेवणं आटोपेपर्यंत उघडा. कडा आकसतेय आणि पोट ओलं आहे, हे मला कळत होतं. बारा वर्षं मी काय माश्या मारत होते? तरी गप्प राहिले. फ्रिजला रोज भेटतात, मला का नको?

पहिल्या महिन्याला वजन फारच उतरलं. कातारीने कपाळाला आठ्या घातल्या आणि आणखी ओला कीस घातला. आणखी पंधरा दिवसांनी फ्रिजमधला वाडगा निघाला, थोडा वाकडा पण सबंध. लगेच कातारीने अक्कासमोर मला उघडलं. अक्काच्या वाडग्याला कडेपासून पोटापर्यंत तडा गेला होता. नख आत जाईल एवढा.

"पेटी जुनी झाली," बायको हळूच म्हणाली. "फटीतून वारा शिरत असेल."

"हिच्यात एक फट दाखव मला!" कातारी कडाडला. मग खाली बसला. "मेणच कमी लावलं असणार मी. अक्का, चुकलो गं. आता लाकूडही नाही."

त्या क्षणी मला सरपणात घातलं असतं तर बरं वाटलं असतं.

"तू नाही चुकलास," अक्का म्हणाली. "मी रोज उघडत होते. हिच्या फ्रिजमधल्यापेक्षा माझा कसा आहे, ते बघायला."

बायकोने सबंध वाडगा अक्काच्या मांडीवर ठेवला. "हा न्या. आईचाच आहे."

"नको गं. माझ्या हाताने तडकला, तो माझा. पाणी नाही राहिलं तरी सुया-दोरे राहतील त्यात." आणि दारातून वळून म्हणाली, "तुझ्या भुताने मात्र चांगला सांभाळला हो."

आता कातारीने वाटणी केली आहे. ओल्या वाडग्यांचे पहिले तीन महिने माझ्याकडे, शेवटचे काही दिवस फ्रिजकडे. अवघड काळ मी काढायचा आणि सुकल्याची शाबासकी त्याने घ्यायची! मत्सर गेला असं खोटं सांगणार नाही. वाडगा त्याच्याकडे देताना अजून मुद्दाम करकरते. पण देते.

मित्रांनो, एवढं ऐका. जे अजून ओलं आहे, त्याला झाकलेलं राहू द्या. बघायची हौस आपली असते, तडा मात्र त्याला जातो.