मागे पाहत गेलेला अग्निबाण

माघातली दुपार. कृष्णेच्या पात्रावर ऊन पसरलेलं. पिवळं, पातळ, निःशब्द ऊन. पैलतीरावर ऊस तोडून रिकामी झालेली रानं, आणि त्या रानांवर धुराची धूसर, निळसर रेघ. कऱ्हाडच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात मात्र ऊन खिडकीपाशीच थबकलं होतं. आत होता फक्त टीव्हीचा उजेड, आणि त्या उजेडात शालनताईंचा श्रांत, सावळा चेहरा.

श्रांत म्हणजे किती श्रांत? झोपेनेही न उतरणारा शीण तो. साठी उलटल्यावर पुन्हा एकदा आईपण अंगावर घेतलेल्या बाईचा शीण. लेक कल्याणी दूर पूर्वसागराच्या काठी, अग्निबाणांवर कॅमेरे बसवण्याच्या कामात. जावई बोटीवर, वर्षातले बरेच महिने पाण्यात. आणि त्यांची ईरा इथे, आजीजवळ, दुपट्यात होती तेव्हापासून. "एवढं उड्डाण होऊ दे, आई, मग नेते तिला," असं कल्याणी दर उड्डाणाआधी म्हणायची. उड्डाणं होत गेली. ईरा चार वर्षांची झाली. शालनताईंचे गुडघे गेले.

आज सांगायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. मला आता होत नाही, तुझी लेक तू घेऊन जा. एवढंच. पण ते वाक्य ओठांवर यायचं तेव्हा कल्याणी नेमकी उंबऱ्यात असायची. खांद्याला बॅग, खाली रिक्षा. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हे शालनताईंच्या हाडीमाशी खिळलेलं. मग त्या लेकीच्या तळहातावर दही ठेवायच्या आणि वाक्य गिळून टाकायच्या. मुक्कामात आधीच का नाही बोलायच्या, असं कुणी विचारील. लेक दमूनभागून आलेली, ईरा तिला बिलगून झोपलेली. कुठल्या तोंडाने बोलणार?

"आजी, आई त्याच्यात बसलीय?" टीव्हीवरच्या अग्निबाणाकडे बोट दाखवत मांडीवरच्या ईराने विचारलं.

"नाही गं. आई जमिनीवरच आहे. त्याच्यावरचा कॅमेरा तेवढा आईचा."

मग ज्वाला उसळल्या. शुभ्र ज्वाला, शेंदरी ज्वाला, धुराच्या डोंगरांना आतून उजळणाऱ्या ज्वाला. चित्र दिसत होतं ते अग्निबाणाच्याच अंगावरून, खाली पाहणारं. वर काय आहे, कुठे जायचं आहे, काही दिसत नव्हतं. दिसत होतं ते सुटत चाललेलं. मनोरा सुटला. धूर सुटला. किनाऱ्याची फेनधवल कड सुटली. उरलं निळं पाणी, पाण्यावर ढग, पाण्यात पडलेल्या ढगांच्या सावल्या. दूर, आणखी दूर, होता होता सगळी पृथ्वीच दूर.

दोन्ही अंगांना बांधलेले, अग्निबाणाला वर रेटणारे महाकाय बूस्टर आपल्यातलं होतं नव्हतं ते जाळून देत होते. मग ते विझले. ठिणग्यांचा एक झोत उडाला, आणि दोघेही अलगद सुटले. गिरक्या घेत, संथ, शुभ्र, निमूट, खालच्या निळाईत उतरत गेले. नियंत्रण कक्षात टाळ्या वाजल्या. सगळ्यांचं लक्ष वर जाणाऱ्याकडे होतं. शालनताई त्या पडणाऱ्या दोघांकडे पाहत राहिल्या. त्या दोघांची त्यांना दया आली नाही. हेवा वाटला.

उपग्रह कक्षेत पोचला. टीव्हीवर तीच दृश्यं पुन्हा पुन्हा येऊ लागली, ईरा मांडीवरच झोपून गेली, आणि मग फोन वाजला.

"आई, दिसलं का नीट?"

"दिसलं. सगळं मागचंच दिसत होतं."

"हो, तो कॅमेरा खालीच बघतो. काय सुटलं, कसं सुटलं, ते कळायला हवं ना आम्हाला." कल्याणी हसली. मग तिचा आवाज जरा उतरला. "आई, पुढचं उड्डाणही मलाच देतायत. ईराला अजून थोडे दिवस..."

या वेळी उंबरा नव्हता, बॅग नव्हती, खाली रिक्षा नव्हती. शालनताई बोलल्या.

"कल्याणी, मला आता होत नाही गं. तुझी लेक तू घेऊन जा."

पलीकडे लोकांचा आनंदी गलका चालला होता.

"रागावलीस?" कल्याणीने विचारलं.

"नाही. दमले."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तू कायम निघालेली असायचीस."

मग कल्याणी म्हणाली, "रविवारी येते. तिला न्यायलाच येते."

फोन ठेवला तेव्हा शालनताईंना हलकं वाटलं. खरंच हलकं वाटलं. ईराला गादीवर निजवावं म्हणून त्या उठू लागल्या, तर पदर ओढला गेला. झोपेतल्या मुठीत तो घट्ट धरलेला होता. त्यांनी एक बोट सोडवलं. दुसरं सोडवायला जावं, तो पहिलं पुन्हा मिटलेलं. रविवारी हे असंच सोडवावं लागणार होतं, एकेक बोट. शालनताईंना रडू आलं, आवाज न करता त्या पुष्कळ रडल्या. आणि बाहेर नदीवरचं ऊन विरत असता, खोली हळूहळू सावळत असता, ती कोवळी, ऊबदार, मिटलेली मूठ दोन्ही हातांत धरून बसून राहिल्या.